बाळंतखोलीतलं शिसं

१

दुधाच्या पातेल्यावरची ताटली खडखडली. दुपारच्या शांततेत तो आवाज एवढा मोठा वाटला, की सरू गॅस बंद करायला धावली. तरी पाळण्यातली चिऊ दचकलीच. तिनं दोन्ही मुठी वर केल्या, तोंड वाकडं केलं, आणि रडावं की झोपावं याचा विचार करत राहिली. सरू श्वास रोखून उभी. चिऊनं झोपायचं ठरवलं.

तेवढ्यात फळीवर ठेवलेला फोन थरथरायला लागला. रोह्याहून डॉक्टर इंदुबाईंचा.

"सरू, बोलू शकतेस?"

"बाळ झोपलंय, बाई. हळू बोलते. काय झालं?"

इंदुबाईंचं रोह्यातलं प्रसूतिगृह जुनं. मागच्या वर्षी ट्रस्टनं त्याचं नूतनीकरण काढलं, तेव्हा सामान निवडायचं काम पेणच्या सरूला दिलं होतं. सरू बांधकामाची इंजिनियर, पण तिचा जीव अडकायचा तो भिंतीला काय लावलंय, फरशीखाली काय आहे, दाराचा रंग कशात कालवलाय यात. नवजात बाळ ज्या हवेत पहिला श्वास घेणार, त्या हवेत काय असावं, या एका प्रश्नावर तिनं ट्रस्टच्या मंडळींना जेरीस आणलं होतं. भिंतींना चुना. प्लास्टिकच्या फरशीऐवजी दगडी लादी. डिंक आणि भुशाच्या पाट्यांची कपाटं नकोत, लोखंडी हवीत. आणि जुनी हिरवी दारं नि खिडक्या अख्ख्या उचलून बाहेर काढायच्या, कारण त्यांच्यावर वर्षानुवर्षं चढलेल्या तेलरंगाच्या थरांत शिसं होतं. ते खरवडलं असतं तर खोलीभर उडालं असतं. सगळं काढून झालं, महिपतीनं नवं बसवलं, पोपटनं रंग दिला, आणि सरू स्वतःच बाळंतपणाला बसली.

"खांबच्या हौसाचं बाळ गेलं," इंदुबाई म्हणाल्या. "तुला कळवलं नाही. अंगावर पाजतेस, म्हटलं कशाला. आकडी यायची त्याला, पांढरंफटक पडलं होतं. आम्ही जंतुसंसर्ग समजलो. आता त्याच गावातल्या पुतळीच्या बाळाला तसंच झालं. म्हणून ते मुंबईला पाठवलं. तिथं रक्त तपासलं." त्या थांबल्या. "शिसं सापडलंय, सरू."

सरू खाली बसली.

"तिथल्या डॉक्टरांनी पुतळीला विचारलं, बाळ कुठं कुठं नेलं होतंत? ती म्हणाली, बाळंतखोलीतच होतं, तिथनं बाहेर काढलंच नाय."

बाळंतखोली. ते नाव इंदुबाईंनीच नव्या वॉर्डाच्या दारावर लिहून घेतलं होतं. इंग्रजी पाटी पाहून खेड्यातल्या बायका बुजतात म्हणून.

"महिपती म्हणतोय, पोपटनं रंगात गडबड केली. पोपट फोन उचलत नाही. त्यामुळे सगळ्यांचा संशय पक्का झालाय. आणि परवा पुतळीचं बाळ घरी सोडणार आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलंय, जिथून हे अंगात गेलं तिथं ते पुन्हा गेलं, तर हाती लागायचं नाही. महिपती म्हणतो, सोपं आहे, आपली खोली बंद करू."

"बाई, त्या खोलीत शिसं असूच शकत नाही. एकेक डबा मी पाहून घेतलाय."

"मला तेच ऐकायचं होतं गं."

"नाही बाई," सरूचा आवाज एकदम बारीक झाला. "हे वाईट आहे. ते खोलीत नसेल, तर परवा बाळ जिथं जाणार आहे तिथं असेल."

२

पोपट पळाला नव्हता. तो पेणमध्येच होता, गणपतीच्या कारखान्यात, गुडघ्यावर मूर्ती घेऊन. श्रावण अर्धा सरला होता आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्यांना या दिवसांत जेवायलाही उसंत नसते. मूर्तीचे डोळे काढताना पोपट फोन पेटीत ठेवून पेटी दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

"हात हलला की देव चकणा होतो, ताई," तो ब्रश खाली ठेवत म्हणाला. "मग ज्याच्या घरी जातो तो वर्षभर मला शिव्या घालतो. बाळ कसं हाय?"

"बरं आहे. पोपटभाऊ, रोह्याच्या वॉर्डाला रंग कुठला लावलात?"

"तुम्ही दिलात तो."

"सगळीकडे?"

पोपटनं तिच्याकडे नीट पाहिलं. बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली नव्हती हे त्या पाहण्यातच कळलं. सरूनं सांगितलं. शेजारी मातीचे उंदीर वाळत घालणारी पोरं हसत होती, त्यांना पोपटनं हातानं गप्प केलं.

"कुणाचं पोर?"

"खांबच्या हौसाचं."

"आणि महिपतीशेठ माझं नाव घेतो." त्यानं मांडीवरची मूर्ती उचलून फळीवर ठेवली. "एक डबा उरला होता, तो मी घरी आणला. चोरी म्हणा पाहिजे तर. थांबा."

डबा आला. सरूनं पिशवीतून काडी काढली. कापूस गुंडाळलेली ही काडी ओली करून घासली, आणि जिथं घासली तिथं शिसं असलं, की कापूस गुलाबी होतो. तिनं रंगाच्या वाळलेल्या ओघळावर काडी घासली आणि दोघंही त्या एवढ्याशा कापसाकडे बघत राहिली.

पांढरा. पांढराच राहिला.

सरू निघाली, तर पोपट मागून आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं.

"ताई, आता तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापरीस मीच सांगतो. भिंती, दारं, सगळं त्या रंगानं केलं. पण पाळणा..." त्यानं रंगलेली बोटं लुंगीला पुसली. "पाळणा नाय त्या रंगानं रंगवला."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पेणच्या बाहेर पडली तशी सरूला चिऊची आठवण झाली आणि अंगावरचं दूध दाटून आलं. सासूबाईंजवळ ठेवलेलं वाटीभर दूध संपायच्या आत परतायचं होतं. ती पदर ओढून खिडकीबाहेर बघत राहिली. आपण आपल्या बाळाला मागे ठेवून दुसऱ्यांच्या बाळाचं शिसं शोधायला निघालोय, आणि ज्या बाळासाठी यायला हवं होतं ते आठवड्यापूर्वीच गेलं.

रोह्याला प्रसूतिगृहाच्या दारात महिपती उभाच होता. महिपती कंत्राटदार, ट्रस्टवरही, त्यामुळे आवाज दोन माणसांचा.

"या, इंजिनियरबाई! तुम्ही निवडायचं आणि आम्ही निस्तरायचं. चांगली सागवानी दारं काढायला लावलीत, प्लास्टिकची लादी नको म्हणालात, चुना घोटून घोटून माझी माणसं पळाली. आणि शेवटी पोर गेलंच ना?"

"महिपती," इंदुबाई पायरीवरून म्हणाल्या, "तोंड आवर."

"मी काय वाकडं बोलतोय, बाई? पोपट फरारी हाय का नाय?"

"देवाचे डोळे काढतोय तो," सरू म्हणाली, आणि आत गेली.

तिनं भिंती पुसल्या, खिडकीच्या कडा पुसल्या, खाटांचे पाय, लादीच्या भेगा. काड्या पांढऱ्या. शेवटी पिवळ्या पाळण्यापाशी येऊन ती वाकली. महिपतीही वाकला, त्याला कापूस गुलाबी झालेला बघायचा होता.

पांढरा.

"पोपटनं शाडूच्या मूर्तीला लावतात ती पिवळी माती लावलीय याला," सरू म्हणाली. "त्याचा नातू झाला तेव्हा त्याच्या पाळण्यालाही हीच लावली होती. मला सांगायला घाबरत होता."

महिपतीनं पाळण्याला हळूच एक झोका दिला आणि बाजूला झाला.

मागच्या दारानं सरू आवारात आली. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलेला जुन्या सामानाचा ढीग तिथं असायला हवा होता. तिथं आता अळूची पानं डोलत होती. कोणीतरी उचलून टाकला असेल, असं मनात येतंय तोच आतून एका बाळाचं खणखणीत रडणं ऐकू आलं.

लस टोचून घ्यायला कोलाडची एक बाई आली होती. बाळ गुबगुबीत, गाल लाल.

"हिचं सिझर झालं होतं," इंदुबाई म्हणाल्या. "टाके पिकले. या खोलीत सगळ्यांत जास्त दिवस ही राहिली."

"आणि बाळाला काही नाही?"

"बघतेस ना, घसा कसा आहे."

सरूचे पाय जागीच थांबले. विष खोलीत असतं तर सगळ्यांत आधी हे बाळ आजारी पडायला हवं होतं. हौसा आणि पुतळी तर लगेच घरी गेल्या होत्या.

"बाळ छान आहे गं," ती त्या बाईला म्हणाली, "इथं बरी सोय झाली का?"

"इथं बरंच होतं हो ताई. खरं हाल तर नंतर. सव्वा महिना सासूनं बाळंतखोलीत कोंडून घातलं. खिडकीला पोतं, दाराला पोतं. नारळाच्या करवंट्या जाळून जाळून शेक. घामानं जीव गेला माझा."

"कुठल्या बाळंतखोलीत?"

ती बाई हसली. एवढी शिकलेली बाई, आणि काय विचारते.

"आमच्या. घरच्या."

सरू वळून दारावरच्या पाटीकडे बघत राहिली. इंदुबाईही बघत होत्या. पुतळी मुंबईच्या डॉक्टरला खरं तेच बोलली होती. ऐकणाऱ्यांनी आपली पाटी मध्ये आणली होती.

४

कोलाडकडे जाणाऱ्या मिनिडोर रिक्षामधून सरू खांबला उतरली. पुतळी मुंबईला बाळाजवळ होती; घरात तिची सासू सीताबाई. नातू उद्या येणार म्हणून तिनं अंगण सारवून घेतलं होतं.

"दवाखान्याकडनं आलीस गो? ये. आमचं काय चुकलं ते सांगायला आलीस ना?"

"चुकलं असं नाही, आजी. बाळाला ज्यातून त्रास झाला ते शोधतेय."

"ते तुमच्या नव्या खोलीत हाय असं महिपती बोलला. सगळा गाव बोलतो."

"तिथं नाही सापडलं."

सीताबाईचा चेहरा बंद झाला. "म्हंजी आता माझ्या घरात शोधणार."

"तुम्ही काय लावत होतात बाळाला? काजळ?"

"व्हय, काजळ. घरचं. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. माझी सगळी पोरं त्याच काजळानं मोठी झाली, एकाला चष्मा नाय." तिनं डबी सरूच्या हातात आपटली. "घास तुझी काडी. कुंकूबी घास. मीबी समोर बसते, मलाबी घास पायजेल तर."

सरूनं घासली. काजळाचा डाग काळा, कुंकवाचा लाल, पण दुसऱ्या काडीनं कडेला टिपून पाहिलं तर गुलाबी नाही. गुटीची सहाण पांढरी. तेलाची वाटी पांढरी. सीताबाई प्रत्येक काडीसरशी थोडी थोडी सैल होत गेली आणि शेवटी म्हणाली, "च्या घेशील?"

"आधी बाळंतखोली दाखवाल?"

ती मागची काळोखी खोली होती. कोलाडच्या बाईनं सांगितली तशीच: खिडकीला पोतं, भिंतीला काजळी, ओव्याचा नि बाळंतशेपेचा वास. मध्ये सुंभाची बाज आणि बाजेखाली मातीची शेगडी. पुतळी त्या बाजेवर झोपायची, खालून शेक. संध्याकाळी न्हाऊ घातलेल्या बाळाला सीताबाई दोन्ही हातांवर पालथं घेऊन त्याच शेगडीवर धुरी द्यायची.

"करवंट्या जाळता?"

"छ्या! करवंट्या कुठं एवढ्या? लाकूड." सीताबाईला आता आपली बाजू दाखवायची होती. "पण साधं नाय. पावसाळ्यातलं लाकूड ओलं, त्याचा धूर बाळंतिणीला बाधतो, बाळ खोकतं. म्या लाकूड जपून ठेवलं होतं. सुकं, पापडासारखं. एक ठिणगी लावली की पेटलं. आणि साधं नाय गो ते. दवाखान्याचं लाकूड. एवढी वर्षं त्या दारांनी औषधंच प्यालीत. त्याची धुरी म्हंजी निम्मं औषधच."

सरूला क्षणभर वाटलं, काडी पिशवीतच ठेवावी, घरी जावं, चिऊला पदराखाली घ्यावं.

ती वाकली. राखेत बोट फिरवलं. काहीतरी टणक लागलं. बिजागरी. जळून काळी झालेली, पण स्क्रूच्या खाचेत हिरव्या रंगाचा एक कण अजून तसाच.

तिनं शेगडीच्या काठावर काडी घासली.

कापूस गुलाबी होत गेला, आणि होतच गेला.

"काय झालं?" सीताबाई म्हणाली. "काय गो? बोल ना. रंग का बदलला त्याचा?"

सरूनं सांगितलं. मोठं काही नाही. दारावरच्या रंगात काय होतं, जाळलं की ते कुठं जातं, एवढंच. सीताबाई ऐकत असताना तिचे दोन्ही हात आपोआप पुढं आले होते, तळवे वर, बाळ पालथं धरतात तसे. ते तसेच राहिले.

"म्या धरायची त्याला," ती म्हणाली. "ते खोकलं की म्या आणखी जवळ धरायची."

मग तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला.

"झाडू नका आजी! उडेल ते. ओल्या फडक्यानं पुसू. मी थांबते, आपण दोघी पुसू."

५

"मीच दिलं," इंदुबाई म्हणाल्या.

त्या आपल्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. समोर सरू, दाराशी महिपती. त्याचा आवाज आता एका माणसाचाही राहिला नव्हता.

"पावसाच्या आधी खांबच्या बायका तपासायला आल्या होत्या. म्हणाल्या, बाई, एवढं लाकूड पडून कुजतंय, आम्हाला न्यायला द्या, पावसात सुकं लाकूड मिळत नाही. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं गं, सरू. महिपतीच्या टेम्पोतून पाठवलं."

"दारं का काढली ते तुम्हाला माहीत होतं ना, बाई?"

"माहीत होतं. रंगाचे पोपडे पडतात, पोरं तोंडात घालतात, एवढं डोक्यात होतं. म्हटलं चुलीत जाळतील, जाळलं की संपलं. जाळलं की संपतं असंच वाटतं ना आपल्याला." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपण म्हणत होतो, विष बाहेर काढलं. माझ्या दाराच्या बाहेर म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरात, हे चाळीस वर्षं बाळंतपणं करून मला सुचू नये?"

सामान निवडताना सरूनं प्रत्येक नव्या वस्तूचा जन्म कुठं झाला ते विचारलं होतं. जुन्या वस्तूनं मरायला कुठं जायचं, ते विचारायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"बाई, ते नंतर," ती हळूच म्हणाली. "बाळ उद्या येतंय."

मग कामं सुरू झाली. महिपती टेम्पो घेऊन निघाला. ज्यांच्या घरी दारांचे तुकडे उरले होते ते परत आणायला. निघताना दारात थबकला. "आणून ठेवू कुठं?" त्यानं विचारलं. इंदुबाईंनी सरूकडे पाहिलं. "बरं, आधी आणतो तर," तो म्हणाला आणि गेला. पोपटला सरूनं फोन केला. या वेळी पेटी जवळ होती. आखणी अर्धी टाकून, चुन्याची बादली घेऊन तो खांबला गेला आणि सीताबाईची बाळंतखोली वरपासून खालपर्यंत पांढरी करायला लागला. पुतळीनं बाळाला घेऊन सध्या तिच्या माहेरी उतरावं असंही ठरलं.

"म्हणजे सुटलं," इंदुबाई म्हणाल्या. "निदान हे एक तरी."

"टेम्पो हौसाच्या घरीही गेलाय ना?"

इंदुबाईंनी मान वर केली.

"हौसाच्या घरी कशाला? तिच्या घरी लाकूड गेलंच नव्हतं. तिचा सासरा हैबतराव मोठा मानी. फुकटचं लाकूड नको म्हणून त्यानं टेम्पो दारावरून परत पाठवला होता. महिपतीला विचार. एक फळीसुद्धा त्या घरात उतरली नाही."

हौसाचं बाळ तसंच पांढरं पडून, तशीच आकडी येऊन गेलं होतं. ते लाकडानं गेलं नसेल, तर शिसं आणखी कशात तरी होतं. त्याच गावात. विहिरीत, पिठात, कशातही. आणि पुतळीचं माहेर हौसाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

६

हौसा ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. दूध आटावं म्हणून छातीला फडकं घट्ट आवळून बांधलेलं. सरूनं ते पाहिलं आणि आपला पदर पुढं ओढून घेतला. तिच्या ब्लाऊजवर ओले डाग पडले होते आणि हौसाला ते दिसू नयेत असं तिला फार वाटलं.

"दिसलं मला," हौसा म्हणाली. "लपवू नको गो. तुझं किती महिन्याचं?"

"पाच."

"मुलगी?"

"हो."

"बरं हाय."

बाजूला शकू बसली होती, हौसाची मोठी. पुढचे दोन दात पडलेले. ती सागरगोटे एका हातानं उडवत होती आणि पाहुणीकडे बघत होती.

"हौसा, तुमच्याकडं दवाखान्याचं लाकूड आलं नव्हतं ना?"

"नाय. मामंजी बोलले, कुणापुढं हात पसरायचा नाय. टेम्पो मागं धाडला. सीताबाय हसली होती मला, तुझ्या सासऱ्याचा मान जाळून शेक घे म्हणाली." हौसाच्या ओठांवर काहीतरी हललं, पण हसू नव्हतं. "मग बांधावरचं जाळलं. ओलंच. लई धूर व्हायचा पहिल्यांदा. बाळ खोकायचं. मग बरं पेटायला लागलं."

"कसं?"

"काय?"

"ओलं लाकूड मग बरं कसं पेटायला लागलं?"

हौसा विचारात पडली. बाजेवर पडलेल्या बाळंतिणीला शेगडीत काय घातलंय ते कुठं दिसतं? सरू उठून आत गेली. शेगडी तशीच होती, तिला कुणी हात लावला नव्हता. तिनं काडी घासली आणि तिथंच उकिडवी बसून राहिली. गुलाबी. विहीर नाही, पीठ नाही. एकच विष, एकच वाट. पुतळीचं बाळ उद्या त्याच्या आजोळी निर्धास्त झोपणार होतं.

ते कळलं म्हणून तिला हायसं वाटलं. तेवढ्यात दारात सावली पडली. शकू. हातात बांबूची लहान टोपली.

"तुम्ही माझी लाकडं बघताय?"

"तुझी?"

"व्हय. मी आणायची." तिनं टोपली पुढं केली. तळाशी तीन-चार ढलप्या. एका बाजूनं हिरव्या, गुळगुळीत. "सीताआजीच्या मागं ते कुऱ्हाडीनं दारं फोडायचे ना, तेव्हा उडायच्या. त्यांना नको असायच्या. मी वेचायची. आबांना नाय सांगितलं. आबा ओरडतात." ती जवळ सरकली. "ओल्या लाकडानं बाळ खोकायचं. म्हणून मी हिरवीवाली आणायची. ती फटकन पेटतात. मी हळूच घालायची शेगडीत, आई झोपली की."

सरूनं वर पाहिलं. शकूच्या मागं चौकटीला धरून हौसा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. काडीवरचा गुलाबी कापूस तिला दिसत होता, आणि सीताबाईच्या घरी काय सापडलं ते एव्हाना गावात पसरलं होतं. तिचा चेहरा एकदा पिळल्यासारखा झाला. मग तिनं सरूच्या डोळ्यांत बघून मान हलवली. अगदी थोडी. नाही.

सरूनं मूठ मिटली. काडी मुठीत गेली.

"ताई," शकू म्हणाली, "मी एकपण ओलं नाय आणलं. सगळी सुकी सुकी बघून आणली. मग आमचं बाळ कशानं गेलं?"